तो दगड नव्हता

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला मालवणच्या स्नॉर्केलिंगवरचा लेख वाचला. राहण्याची सोय, होडीचे दर, सोलकढी, सगळं आलं; पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे एका ओळीतही नाही. वर फोटो पोवळ्याचा, म्हणजे प्रवाळाचा, तुकडा हातात धरलेल्या पर्यटकाचा! वन्यजीव कायद्याच्या ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत. तो फोटो तुम्ही छापायला नको होता.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिथे होतो. होडीवाल्याने पोवळ्यांवरच नांगर टाकला. माझा नऊ वर्षांचा मुलगा पाण्यात घाबरला, तर गाइड म्हणाला, "पाय टेक रे, खाली दगड आसा." मी मास्कमधून पाहिलं. त्याच्या टाचेखाली पोवळ्याचा तपकिरी गोळा होता, मेंदूसारख्या वळ्यांचा, घमेल्याएवढा. असे गोळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे तो माझ्या मुलापेक्षा वयाने मोठा, आणि जिवंत. मग मासे जमावेत म्हणून गाइडने बिस्किटांचा पुडा फोडला. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात माकडांना खाऊ घालू नका म्हणून आपण लोकांना अडवतो, मग इथे का चालतं?

त्या गाइड पोराला दोष देणार नाही. पर्यटनाच्या हंगामावर त्याचं घर चालतं, आणि त्याला शिकवलंय कोणी? पण नांगराऐवजी कायमचे बोये बांधता येतात, होडी त्यालाच बांधायची. एका वेळी किती होड्या, हे ठरवता येतं. पोहता न येणाऱ्यांना वाळूच्या तळावर उतरवता येतं. थायलंडने माया बे हा गर्दीचा किनारा २०१८ मध्ये बंद केला, २०२२ मध्ये उघडला तो माणसं मोजून आणि होड्या आत न सोडता. आपल्याला निदान उतरण्याआधी पाच मिनिटं समजावून सांगणं तरी जमावं.

जाता जाता आणखी एक. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हा तुम्ही कौतुकाने बातमी दिलीत. त्याच खाडीत पुलावरून फेकल्या जाणाऱ्या निर्माल्याच्या पिशव्यांबद्दल मी दोनदा लिहिलं, ते छापलं नाहीत. हे तरी छापा, आणि पुढच्या पुरवणीत त्या फोटोबद्दल खुलासा द्या. मे महिन्याची सुट्टी जवळ आली आहे.

आपली,
एक वाचक, ऐरोली