सहाव्या दिवशी पायरीवर माझ्याजवळ बसलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

शिबिराच्या दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर मी तुम्हाला तुमचे नाव विचारले, तेव्हा "मंगल हो" एवढेच म्हणून तुम्ही भोजनालयाकडे वळलात. नाव ठाऊक नसल्यामुळे हे आभाराचे पत्र असे उघडपणे लिहीत आहे.

विपश्यनेच्या त्या दहा दिवसांच्या शिबिराला मी पर्यटकाच्याच मनाने आले होते. १९६८ साली बीटल्स हा ब्रिटिश संगीतगट ध्यान शिकायला ऋषिकेशला येऊन राहिला, तेव्हापासून आजपर्यंत अशा ठिकाणी येणाऱ्या कितीतरी जणांना हवे असते तेच मलाही हवे होते: चांगली झोप, मनावरचे ओझे उतरल्याची भावना आणि परतताना सोबत नेता येईल अशी थोडी शांतता. पहिले साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे होते, आणि तोवर ही शांतता मिळते आहे असे वाटतही होते. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवली गेली, न हलता तासभर बसण्याच्या अधिष्ठानाच्या बैठका सुरू झाल्या आणि वडिलांच्या अखेरच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ नव्हते, ही इतकी वर्षे बाजूला सारलेली गोष्ट रोज समोर येऊ लागली. शिबिराच्या अर्जात मानसिक आजारांची माहिती इतक्या बारकाईने का विचारतात, हे मला त्या दिवसांत कळले.

सहाव्या दिवशी सकाळी आठच्या सामूहिक साधनेला माझी जागा रिकामी दिसली म्हणून तुम्ही, शिबिरात सेवा देणाऱ्या धम्मसेविका, निवासाकडे आलात, तेव्हा माझी बॅग भरून झाली होती. तुम्ही मला थांबण्याचा आग्रह केला नाही, आणि पुढे सगळे छान वाटेल असे आश्वासनही दिले नाही. पायरीवर बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिलात आणि मग म्हणालात, "जायचे की थांबायचे, ते आचार्यांशी बोलून ठरवा. दुपारी बाराच्या भेटीसाठी मी तुमचे नाव लिहिते." त्या चार तासांत माझे रडणे थांबवण्याचा प्रयत्न कोणीही केला नाही, आणि मला तेच हवे होते, हे तोवर मलाही माहीत नव्हते.

१९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात येऊन सत्यनारायण गोयंका यांनी जी परंपरा येथे रुजवली, तिच्या शिबिरांना शुल्क नसते. शिबिर पूर्ण केलेल्या साधकांकडूनच दान घेतले जाते आणि धम्मसेवकांनाही मानधन मिळत नाही. पूर्वी मला ही केवळ एक चांगली सोय वाटत असे. आता वाटते, मी पैसे मोजून आले असते तर मला प्रसन्न ठेवणे हे कोणाचे तरी काम झाले असते, आणि मग तुम्ही इतक्या निःशंकपणे माझ्याजवळ गप्प बसू शकला नसता.

वडिलांची आठवण अजूनही येते. मात्र ती आली की मी उठून दुसरीकडे जात नाही, बसून राहते.

पुढच्या एका शिबिरात सेवेसाठी मी अर्ज केला आहे. त्या सकाळसारखी भरलेली बॅग घेऊन कोणी बसलेली दिसली, तर तिचे नाव बाराच्या यादीत लिहून मी तिच्याजवळ थांबेन.

आपली कृतज्ञ,
एक साधिका