पहाटेच्या वेळेविषयी

नांदेड,
कार्तिक शुद्ध दशमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ब्राह्ममुहूर्त नेमका कधी असतो आणि तेव्हा उठल्याने काय साधते, असे तू विचारलेस. अहोरात्राचे तीस मुहूर्त, प्रत्येक ४८ मिनिटांचा. त्यांपैकी रात्रीच्या पंधरांतला चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. म्हणजे तो सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी लागतो. आपल्याकडे मे अखेरीस पहाटेचे चार वाजून गेले की तो सुरू होतो, जानेवारीत मात्र सव्वापाच होतात. तेव्हा बारा महिने साडेतीनचा गजर लावण्याचा तुझा हट्ट शास्त्राला धरून नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येची सुरुवातच या वेळी उठण्याने होते. पण ती आज्ञा निरोगी माणसासाठी आहे आणि तिचा हेतू आयुष्याचे रक्षण हा सांगितला आहे. रात्री एक वाजेपर्यंत जागून पहाटे उठणाऱ्याच्या हातून ते रक्षण होत नाही, आणि तुझ्याबद्दल मला नेमकी हीच काळजी वाटते.

झोप पुरी झालेली असेल, तर त्या वेळी मन निवलेले असते आणि कोणाचेही मागणे अजून आपल्यापर्यंत आलेले नसते. म्हणून जप, ध्यान, पाठांतर यांसाठी आपल्या पूर्वजांनी ही वेळ राखून ठेवली. आपल्या गावातच पाहा. हजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात उजाडण्यापूर्वी गोदावरीचे पाणी घागरीने आणले जाते. शीख बांधव या वेळेला अमृतवेला म्हणतात आणि जपजी साहिबचा पाठ करतात. सध्या गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत काकडा चालू आहे, तो कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालेल. मला मात्र सर्वांत मोठी वाटते ती जात्यावरची पहाट. गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण आणि विठ्ठल वेगळे राहत नाहीत. तुझ्या पणजीच्या पिढीतील बायांना ध्यानाला निराळी सवड कधी मिळालीच नाही, तरी दळता दळता त्यांनी ओव्या रचल्या. म्हणून पहाटे आसनावर बसणे जमले नाही, तरी अभ्यासाचे एक पान मनापासून वाचलेस तर तेही मी साधनाच मानीन.

आधी निजण्याची वेळ दहाची कर, मग उठण्याची ठरव. पुण्यात सूर्योदय आपल्यापेक्षा सुमारे पंधरा मिनिटे उशिरा होतो, तेव्हा वेळ तिथल्या पंचांगावरून काढ.

तुझा,
बाबा