शिफारसपत्रासाठी शिक्षक नेमा

महोदय,
लातूर पॅटर्नच्या आपल्या भागात बारावीनंतर नीट आणि जेईई या दोनच वाटा दिसतात. माझ्या भाचीने मात्र अमेरिकेत अर्ज केला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांचीही निवड ऐपत न पाहता करतात आणि निवड झाल्यास गरजेइतकी मदत देतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. अडले ते कॉलेजात. नववीपासूनचे गुण आणि शिफारसपत्र शाळा-कॉलेजनेच ऑनलाइन पाठवायचे असते, मुदत जानेवारीच्या सुरुवातीची. 'असले पत्र आम्ही देत नाही' हे ऐकत तीन चकरा झाल्या. शेवटी गणिताच्या सरांनी रात्री बसून लिहिले. पोरगी वर्गात कसे प्रश्न विचारते, तेवढेच. त्यांचे उपकार विसरणार नाही. मराठवाड्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने या कामासाठी एक शिक्षक नेमावा.

– एक मामा, उदगीर