अडवलेली मजुरी

प्रिय रूथ,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर तलावपाळीला बसलो असताना तू विचारलंस आणि मी विषय बदलला. तेव्हापासून झोप नाही, म्हणून लिहितोय.

तू म्हणालीस, "पप्पा, मी ऐरोलीच्या ऑफिसात बसून फक्त नियम लिहिते. पार्सल उशिरा पोचलं की रायडरचे पैसे सिस्टीम कापते. मी कुठे कोणाला लुबाडते?"

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो. 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणे जादा कामाचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागत. ठेकेदाराच्या माणसांचं जादा काम मस्टरवर चढवायचंच नाही, असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी चढवलं नाही. सात महिने. तू तेव्हा पाळण्यात होतीस, नोकरी जाण्याची भीती होती, आणि मीही मनाशी हेच म्हणत होतो की मी फक्त नोंद करतो.

जकातदार जक्कयाने प्रभूसमोर उभं राहून लुबाडलेलं चौपट परत करण्याचा शब्द दिला. मी फार उशिरा शोधायला निघालो. ठेकेदार बदलला होता, माणसं पांगली होती. एकच भेटला, दिघ्याला. त्याने पैसे घेतले, चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, तेव्हा लिहिलं असतं तर..." पुढे बोलला नाही. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पत्रात आहे. ती मी तिथे ऐकली.

मत्तयाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला तू संडे स्कूलपासून ऐकतेस. तो देवाच्या कृपेचा दाखला आहे, यात मला शंका नाही. पण टाइम ऑफिसात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्यात मजुरीही दिसते. मालक दिवसातून पाच वेळा स्वतः बाहेर पडतो. दिवस संपायला तासभर उरला असताना बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो, तुम्ही रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही. आपल्या नाक्यांवर थापी-घमेलं घेऊन दुपारपर्यंत उभी राहणारी माणसंही हेच सांगतील. मालक त्यांनाही पुरा दीनार, म्हणजे दिवसभराची मजुरी, देतो. घरची चूल तासांवर चालत नाही, हे त्याला कळत असावं.

त्याने उशिराचं कारण विचारलं. तुझा नियम विचारत नाही. गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला, सोसायटीच्या वॉचमनने लिफ्ट वापरू दिली नाही, बारा मजले पायी चढावे लागले, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. माझ्या कामगारांच्या बाजूने निदान कायदा होता, मीच तो मोडला. रायडरची 'गिग कामगार', म्हणजे नेहमीच्या नोकरीबाहेर काम करून कमावणारा, म्हणून व्याख्या झाली ती थेट 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत.

नोकरी सोड, असं मी म्हणत नाही. घणसोलीच्या फ्लॅटचा हप्ता मला ठाऊक आहे. पण एक दिवस रजा टाकून, पावसात, एखाद्या रायडरच्या मागे बसून फिर. मग साहेबांना लिहून दे: पैसे कापण्याआधी रायडरला कारण सांगता आलं पाहिजे, आणि ते कारण माणसाने वाचलं पाहिजे. लेखीच दे. मला जे सांगितलं गेलं ते तोंडी होतं, म्हणून त्याचा कुठे मागमूस राहिला नाही. त्यांनी नाही म्हटलं तर आपण एकत्र बसू, प्रार्थना करू. दोन-तीन हप्त्यांपुरते पैसे माझ्याकडे आहेत, तो विचार तू करू नकोस.

तुझं नाव आईने बायबलातल्या रूथवरून ठेवलं. शेतमालक बवाजाने आपल्या कापणाऱ्यांना सांगितलं होतं, मागे कणसं वेचणाऱ्या रूथसाठी पेंढ्यांतून थोडी कणसं मुद्दाम गळू द्या, आणि तिला धमकावू नका. तुझ्या नियमात तशी जागा कुठे ठेवता येईल, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

शनिवारी येशील तेव्हा मेलचा मसुदा घेऊन ये. दोघं मिळून वाचू.

तुझा,
पप्पा