वेच्यांतून विश्वसाहित्य: गाळले काय, तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातील एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसते. गेल्या महिन्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी टॉलस्टॉयचे ‘युद्ध आणि शांती’ परत करायला आली. पुस्तक नेऊन पंधरा दिवस झाले होते आणि खूण म्हणून घातलेले बसचे तिकीट अजून चाळिसाव्या पानाच्या आसपासच होते. ‘मॅडम, हे मला झेपत नाही. निवडक वेच्यांचे एखादे पुस्तक आहे का?’ असे तिने अगदी दबक्या आवाजात विचारले. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी तिला लगेच सुनावले, ‘वेचे वाचून कोणी वाचक होत नाही. वाचायचे तर मूळ ग्रंथ वाचावा, नाहीतर वाचूच नये.’ मुलगी काही न घेताच निघून गेली. असे म्हणणारे ते सभासद एकटे नाहीत, आणि जागतिक अभिजात साहित्याकडे जाणारी जी वाट आमच्यासारख्या वाचकांच्या सर्वांत जवळची आहे तीच अशा बोलण्याने बंद होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

वेचे आपल्याला नवे नाहीत. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ सिद्ध केले, आणि मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत हे कवी शाळेत शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांना त्या वेच्यांतूनच भेटले. पंढरपुरात भजनी मालिका विकत घेणारा वारकरी तुकोबांची सारी गाथा वाचून झाल्यावर टाळ हाती घेत नाही. काकडा, हरिपाठ आणि नेमाचे अभंग यांपासून तो आरंभ करतो आणि ज्याला ओढ लागते तो पुढे गाथेपर्यंत जातो. त्याच पंढरीच्या नामदेवांची ६१ पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली जो आदिग्रंथ संकलित केला, त्यात इतर प्रांतांतील संतांची वाणीही निवडून घेतली, म्हणून चंद्रभागेकाठच्या एका शिंप्याचे शब्द पंजाबात आजही रोज गायिले जातात.

आपल्या सोलापूरची गोष्ट तर याहून जवळची आहे. ज्या सिद्धरामांच्या नावाने आपला सिद्धेश्वर तलाव ओळखला जातो ते बाराव्या शतकातील कन्नड वचनकार, म्हणजे वचने नावाच्या छोट्या भक्तिरचना करणारे संत, होते, हे गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी न चुकता जाणाऱ्या अनेकांच्या ध्यानात नसते. पंधराव्या शतकातील ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात शरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची, वचने निवडून ती संवादरूपाने गुंफली आहेत. त्यात अल्लमप्रभू हे ज्येष्ठ शरण सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापुरात, येतात तेव्हा तळ्याचे खोदकाम चाललेले असते. ते सिद्धरामांचा उल्लेख ‘वड्डर’, म्हणजे माती-दगड खोदणारा, म्हणून करतात आणि बाहेर माती-दगड उपसण्याचे काम मोठे की आत पाहण्याचे, यावर दोघांचा वाद रंगतो. निवडणारा हात नसता तर हा प्रसंग, आणि त्यासोबत आपल्याच गावाची एक ओळख, आपल्यापर्यंत कशी पोचली असती, याचा विचार वेच्यांना नावे ठेवणाऱ्यांनी जरूर करावा.

असे असले तरी वेच्यांविषयी माझी एक जुनी तक्रारही आहे, आणि या पत्राचे मुख्य कारण तीच आहे. मी सातवीत असताना आमच्या बाईंनी एका कथासंग्रहातून रशियन लेखक चेकॉव्हची ‘वान्का’ ही कथा वर्गात वाचून दाखवली. मूळ कथा १८८६ सालची आहे. मॉस्कोत एका चांभाराकडे कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरका वान्का नाताळच्या आदल्या रात्री, मालक-मालकीण प्रार्थनेला गेलेले पाहून, आजोबांना चोरून पत्र लिहितो. मार बसतो, पोटभर खायला मिळत नाही, रात्री मालकाचे मूल रडले की झोप मोडून पाळणा हलवावा लागतो, मला येथून घेऊन जा, असे तो विनवतो आणि पाकिटावर पत्ता घालतो, ‘गावी, आजोबांना’. आमच्या पुस्तकातील कथा त्या पत्त्यावरच संपली होती, आणि सारा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. आमच्याच गल्लीत यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरणारी माझ्या वयाची मुले होती, त्यांतले काही वर्षभरापूर्वीपर्यंत माझ्याच बाकावर बसत होते, तरीही त्या वेळी मला त्यांची आठवण झाली नाही.

पुढे बी.ए.ला असताना ती कथा पूर्ण वाचायला मिळाली. पत्त्यानंतर वान्का थोडा विचार करून आजोबांचे नाव तेवढे वाढवतो, थंडीत नुसत्या सदऱ्यावर धावत जाऊन पत्र पेटीत टाकतो आणि तासाभरात गाढ झोपी जातो. स्वप्नात त्याला घरची भट्टी दिसते, रशियन घरांत असते तशी, वर बसता येईल एवढी मोठी. भट्टीवर उघडे पाय खाली सोडून बसलेले आजोबा स्वयंपाकिणींना त्याचे पत्र वाचून दाखवत असतात आणि व्यून नावाचा कुत्रा शेपटी हलवत जवळ घुटमळत असतो. त्या मुलाला पत्र पोचले याची खात्री आहे आणि ते कधीच पोचणार नाही हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. ज्या चार-पाच ओळींत कथेचा सारा जीव आहे नेमक्या त्याच संपादकाने गाळल्या होत्या. जागा कमी पडली असेल किंवा शेवट मुलांसाठी दुःखद वाटला असेल. मजकूर गाळणे कधी कधी अपरिहार्य असते हे मी समजू शकते, परंतु गाळल्याची साधी नोंदही त्या पुस्तकात कोठे नव्हती. अनुवादकाचे नाव नव्हते आणि अनुवाद रशियनवरून केला की इंग्रजीवरून, हेही सांगितलेले नव्हते. अर्धी कथा पूर्ण म्हणून आमच्या हाती दिली गेली.

सगळेच साहित्य सारखे तुकडे सोसत नाही. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याचे २४ सर्ग आणि साडेपंधरा हजारांहून अधिक ओळी सलग वाचणारे थोडेच असतील, पण हे काव्य मुळात प्रसंगाप्रसंगाने गाऊन दाखवले जात असे, म्हणून त्याचा वेचा आपल्या पायावर उभा राहतो. सहाव्या सर्गात युद्धावर निघालेला ट्रॉयचा वीर हेक्टर तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तेव्हा शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलता तुरा पाहून मूल घाबरते आणि दाईच्या कुशीत शिरते. आईबाप दोघेही हसतात, हेक्टर शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवतो आणि मगच मुलाचा मुका घेतो. ज्या वाचकाने एवढाच वेचा वाचला आहे, त्यालाही हेक्टर पडल्यावर काय उद्ध्वस्त होणार आहे हे कळते. कादंबरीचे तसे नाही. दोस्तोयव्हस्कीच्या ‘ब्रदर्स कारामाझव’मधील ‘ग्रँड इन्क्विझिटर’चा भाग संग्रहांतून हमखास घेतला जातो आणि पुष्कळदा त्याच्या मागचा-पुढचा संवाद वगळला जातो. ही कथा इव्हान आपल्या धाकट्या भावाला, अल्योशाला, खानावळीत बसून सांगत असतो. कथेत पृथ्वीवर परत आलेल्या येशूला एक वृद्ध धर्माधिकारी कैद करतो आणि तू दिलेले स्वातंत्र्य माणसांना झेपत नाही, असे सुनावतो. येशू त्याला शब्दानेही उत्तर देत नाही, फक्त त्याच्या ओठांचे चुंबन घेतो. आणि कथा संपल्यावर अल्योशा उठून इव्हानचे तसेच चुंबन घेतो. हे शेवटचे उत्तर काढून टाकले की इव्हानचे म्हणणे हेच लेखकाचे म्हणणे, असा समज वाचकाच्या मनात पक्का बसतो. असा वेचा घ्यायचा असेल तर आधी एक परिच्छेद आणि नंतर एक परिच्छेद संपादकाने स्वतः लिहिलाच पाहिजे.

निवडीत पक्षपातही येतो आणि त्याची शहानिशा वाचकाला करता आली पाहिजे. अमेरिकेतील महाविद्यालयांतून नॉर्टन या प्रकाशनसंस्थेचा जो प्रसिद्ध वेच्यांचा संग्रह शिकवला जात असे, तो १९५६ साली निघाला तेव्हा नावात ‘जागतिक’ असूनही आत केवळ पाश्चात्त्य साहित्य होते. आशिया-आफ्रिकेतील वाङ्मयाला त्यात भरघोस जागा मिळाली ती १९९५ च्या विस्तारित आवृत्तीत. आपण मराठीत संग्रह करू तेव्हा हीच चूक उलट्या बाजूने करता कामा नये.

माझी विनंती प्रकाशकांना, संपादकांना आणि ग्रंथालयांच्या कार्यकारिणीला आहे. प्रत्येक वेच्याखाली मूळ ग्रंथाचे नाव, तो कोणत्या भागातून घेतला, मध्ये काय गाळले, अनुवाद कोणी आणि कोणत्या भाषेवरून केला, एवढी माहिती चार ओळींत छापली जावी. वाचनालयांनी वेच्यांचे पुस्तक ज्या कपाटात ठेवले असेल त्याच कपाटात त्यातील निदान चार-पाच मूळ ग्रंथांचे पूर्ण अनुवाद ठेवावेत, म्हणजे ओढ लागलेल्या वाचकाला शोधत फिरावे लागणार नाही. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मूळ भाषांतून थेट अनुवादित केलेल्या जागतिक वेच्यांची खंडमाला हाती घ्यावी. त्यातील कन्नड, तेलुगू आणि उर्दू वेच्यांसाठी सोलापूरइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. या तिन्ही भाषा घरात बोलणारे आणि मराठीतून शिकलेले लोक येथे गल्लोगल्ली आहेत.

आमच्या वाचनालयात ‘वान्का’चा तोच जुना संग्रह मला गेल्या आठवड्यात सापडला, मुखपृष्ठ गेले आहे, पण कथा तेथेच, त्या पत्त्यावरच थांबते. राहिलेल्या ओळींचा अनुवाद मी एका कागदावर लिहून काढला आणि खळीने त्या पानाला चिकटवला. ती मुलगी परवा पुन्हा आली, तेव्हा तिच्या नावावर मी तेच पुस्तक लिहून दिले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर