क्षयरोग्याची भूकसुद्धा तपासा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात आहारतज्ज्ञ आहे. तांडापेठ, पाचपावलीकडे क्षयरोग्यांच्या घरी जाणे होते, तेव्हा एक बोलणे बहुतेक घरांत कानावर येते. पोरगा दोन घास खाऊन वरण-भाताचे ताट सरकवतो आणि माय करवादते, "औषध देते सरकार, पैसे देते, अन् तुले जेवाले काय होते रे?" तो उत्तर देत नाही. तेवढेही त्राण अंगात नसते.

महोदय, हे नखरे नव्हेत. क्षयाच्या जंतूंशी लढताना शरीर टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अशी दाह पेटवणारी द्रव्ये सोडते. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, भूक आवरणाऱ्या आणि भूक चेतवणाऱ्या पेशी शेजारी शेजारी असतात. रक्तातली द्रव्ये मेंदूत शिरू न देणारा पडदा त्यांच्या लगतच विरळ आहे, म्हणून ही द्रव्ये तिथे पोचतात; शिवाय मज्जातंतूंवाटेही दाहाची वर्दी पोचते. मग भूक आवरणाऱ्या पेशी जोर धरतात, चेतवणाऱ्या दबतात. पोट रिकामे, बरगड्या मोजून घ्याव्या अशी अवस्था, तरी मेंदू म्हणतो पुरे. चार दिवसांच्या तापात हे निभावते. क्षयात आठवडेच्या आठवडे चालते आणि स्नायू झिजत जातात. औषधांनी दाह उतरला की भूक परतते खरी, पण सगळ्यांची सारख्या वेगाने नाही. त्यात काहींना त्याच गोळ्यांनी मळमळते.

क्षयरोग्यांना आहारासाठी पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १००० रुपये झाली, याचे मनापासून स्वागत. पण पैसे जमा झाले म्हणजे घास पोटात गेला, असे होत नाही. झारखंडमधल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णांना दरमहा शिधाच दिला होता. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले: उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे हे दोन महिनेच हातचे जाऊ द्यायचे नाहीत.

म्हणून विनंती अशी. या काळात दर पंधरवड्याला वजन व्हावे आणि भुकेची विचारपूस रुग्णाच्या कार्डावर लिहिली जावी. वजन हलत नसेल तर डॉक्टरांनी मळमळ, मधुमेह, औषधाला दाद न देणारा क्षय तपासावा. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा कसे खाऊ घालायचे, हे आशाताईंनी घरच्यांना शिकवावे आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा याचा शासन निर्णय काढूनच परत जावे.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, नागपूर