टाकीच्या माथ्यावरचे होज दाखवणाऱ्या मेकॅनिकचे आभार

मिशिगनमध्ये आमच्या 1975 च्या जीएमसी मोटारहोमसाठी (आत राहता येईल अशी घरासारखी गाडी) दोन शनिवार देणाऱ्या त्या वयस्क मेकॅनिकचे मनापासून आभार. नाव लिहू नका, असं त्यांनीच सांगितलंय.

चढावर 455 घन इंचांचं इंजिन गुदमरायचं, आत पेट्रोलचा वास यायचा. पंप आणि फिल्टर नवे, कार्बोरेटर साफ केलेला, तरी तेच. त्यांनी थेट पेट्रोलच्या टाक्या उतरवायला सांगितल्या. दोन्ही टाक्यांच्या माथ्यावर, फरशीच्या खाली, होजचे, म्हणजे लवचिक रबरी पाइपचे, छोटे तुकडे असतात. टाकी खाली घेतल्याशिवाय ते नजरेला पडत नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पेट्रोल उपसलं, टाकी जॅकवर पेलली आणि मगच पट्टे सोडले. होज जरा वाकवला तर उभे तडे दिसले. पंप तिथूनच हवा ओढत होता आणि वासही तिथलाच.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं, म्हणून त्यांनी 30आर9 दर्जाचा (इंधनाच्या होजचा एक दर्जा) होज निवडला. होज आवळून धरणारे क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचे घेतले. छिद्रांच्या पट्टीचा क्लॅम्प आवळताना रबर कापतो.

सगळ्यात मोलाचं काम वेगळंच. जुना होज काढण्याआधी त्यांनी त्याला आणि त्याच्या नळीला सारख्या आकड्याची चिकटपट्टी लावली, म्हणजे पुरवठ्याची आणि वाफेची नळी अदलाबदल होणार नाही. शिवाय टाकीच्या माथ्याचा नकाशा पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढून दिला, प्रत्येक होजच्या लांबीसकट. मजुरी घेतली नाही, फक्त होजचे पैसे घेतले. तो पुठ्ठा आता गाडीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.